झुंबरनं सांभाळलेला रावण

एका गावात एक भोळा सुतार होता. गावात सुतार तेवढा एकच, त्यामुळे भोळा असला तरी चालवून घ्यावं लागायचं. त्याचं नाव झुंबर. लाकडाला हात लावला की लाकूड बोलायला लागायचं. डोकं मात्र असं, की त्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. नवी आत शिरली की जुनी बाहेर.

त्याची बायको वैजयंता. बारावी शिकलेली, मानसशास्त्रात शहात्तर मार्क. पदरात आठ महिन्यांची चिऊ. वैजयंताला दोन काळज्या होत्या. एक, चिऊ वेळेवर रांगेल की नाही. दुसरी, चिऊ बापावर गेली तर काय. दुसरी काळजी ती कुणाला सांगायची नाही. पण चिऊला 'टाटा कर' म्हटलं आणि चिऊ दुपारपर्यंत टाटाच करत राहिली, त्या दिवशी वैजयंता जेवली नाही.

गाव होतं हिवरदरी. तिथं अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुपारपासून सोंगं निघायची. गणपती, सरस्वती, वाली, सुग्रीव, आणि सगळ्यात शेवटी रावण. रावणाचा मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा, दहा डोक्यांचा. झुंबरच्या पणजोबांनी कोरलेला. तो घालून नाचायचा मान त्याच घराचा. संबळ वाजला की झुंबर देवळामागून गर्जत यायचा, सीतेला खांद्यावर टाकायचा, पारावरच्या लंकेत नेऊन बसवायचा, रामाचा बाण लागला की धाडकन पडायचा. पोरं किंचाळत आयांच्या पदराआड लपायची. वर्षातून एकदा मनसोक्त भ्यायला मिळायचं.

यात झुंबर कधी चुकला नाही. कारण हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. लहानपणापासून बघून बघून ते अंगात बसलं होतं.

एके वर्षी दिवाळी झाली आणि गावात सिनेमावाले आले. सिनेमा रावणावर होता. म्हणजे रावणाची बाजू मांडणारा. दिग्दर्शक ओजससाहेब अर्ध्या चड्डीत हिंडायचे आणि हनुवटी धरून विचार करायचे. त्यांना दहा डोक्यांचा मुखवटा फार आवडला. सोंगांचे पंच आप्पा म्हणाले, "न्या. पण सोबत झुंबर येईल, मुखवट्याची राखण करायला. आणि अखाजीच्या आत दहाच्या दहा डोकी गावात परत पाहिजेत. एक जरी कमी झालं, तर रावणाचा मान कारभारी लोहाराच्या घरी जाईल."

आप्पा एकदा बोलले की शब्द मागं घ्यायचे नाहीत. हे सगळ्या गावाला माहीत होतं. कारभारी लोहाराला जरा जास्तच माहीत होतं. तो त्या दिवसापासून आरशासमोर गर्जायला लागला.

वैजयंता मनाशी हिशेब करायला लागली. सासरचं दुसरं काय होतं? जमीन नाही, जुमला नाही. चार पिढ्यांचा हा एक मान. चिऊला उद्या शाळेत कुणी विचारलं, तू कुणाची, तर म्हणता आलं पाहिजे, रावणाची. आणि तो मान आता झुंबरच्या राखणीवर.

पहिल्या दिवशी डबा देताना ती म्हणाली, "अहो, मुखवटा जुना आहे. त्याच्यावर ऊन पडू देऊ नका. रंग उडेल."

"नाही पडू देत," झुंबर म्हणाला.

रावण दरबारातून बाहेर येतो, असं चित्रण होतं. हिरोनं मुखवटा घातला. साहेब म्हणाले, "ॲक्शन." हिरो उन्हात आला. त्याच्या मागोमाग झुंबर आला, काळी छत्री उघडून. हिरो उजवीकडं, छत्री उजवीकडं. हिरो डावीकडं, छत्री डावीकडं. दहा डोकी झाकायची म्हणजे सोपं नव्हतं, पण झुंबरनं एकालाही ऊन लागू दिलं नाही.

सगळे ओरडले. साहेबांनी हनुवटी धरली. थोड्या वेळानं म्हणाले, "थांबा. हेच तर मला हवं होतं. काळ्या छत्रीखालचा एकटा रावण."

"एकटा कुठं," झुंबर म्हणाला, "मी होतो की."

संध्याकाळी हे ऐकून वैजयंतानं कपाळाला हात लावला. "अहो, असं नसतं करायचं. साहेब ॲक्शन म्हणाले की आपण जागचं हलायचं नाही. असाल तिथं झाडासारखं उभं राहायचं."

"बरं. आता लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी लंकादहन होतं. लंका पुठ्ठ्याची, तिला सोनेरी कागद लावलेला. एक कोपरा पेटवायचा आणि लगेच विझवायचा, असं ठरलं होतं. विझवायची बादली झुंबरच्या हातात दिली. साहेब म्हणाले, "ॲक्शन." कोपरा पेटला. झुंबर झाडासारखा उभा राहिला. आग दुसऱ्या कोपऱ्याला गेली. "पाणी टाक," सगळे ओरडले. झाड कशाला हलतंय. आग बुरुजाला गेली, सिंहासनाला गेली, मग साहेबांच्या खुर्चीला गेली. भरली बादली घेऊन झुंबर लंकेकडं बघत राहिला.

अर्ध्या तासानं लंकेचा कोळसा झाला. साहेब त्या कोळशाभोवती फिरले. "सोन्याची लंका जुनी झाली," ते म्हणाले. "काळी लंका. आत काही दिसताच कामा नये. हेच तर मला हवं होतं."

"मुखवटा?" वैजयंतानं संध्याकाळी उंबऱ्यातच विचारलं.

"छत्रीखाली होता."

तिनं सुस्कारा सोडला. आपलंच चुकलं, तिला वाटलं. झाडासारखं म्हणायला नको होतं, उदाहरणं देऊ नयेत. ती या वेळी सरळ बोलली. "अहो, कुठंही काही पेटलेलं दिसलं की लगेच पाणी ओतायचं. कुणी सांगायची वाट बघायची नाही."

"बरं. आता लक्षात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी रावणाची शिवपूजा. एकशे आठ समया पेटवलेल्या. हिरो मुखवटा बाजूला काढून, मिश्या लावून, डोळे मिटून बसला होता. झुंबर बादली घेऊन आला आणि पहिल्या समईपासून सुरुवात केली. एकशे आठवी समई हिरोच्या मांडीजवळ होती. ती विझली तेव्हा हिरोची एक मिशी गळाली, दुसरी ओठावर लोंबली आणि डोळ्यांतलं काजळ गालांवरून वाहायला लागलं.

साहेबांनी हनुवटी धरली. "रावण रडतोय," ते हळूच म्हणाले. "बिनमिशीचा रावण, रडतोय. हेच तर मला हवं होतं."

"त्याला थंडी वाजतीय साहेब," झुंबर म्हणाला.

त्या संध्याकाळी चिऊ दातांनी बेजार झाली होती. वैजयंता तिला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. झुंबरनं सगळं सांगितलं. समयांवर पाणी ओतू नये हे कसं समजवायचं, याचा ती विचार करत होती. पण चिऊनं टाहो फोडला आणि ती भलतंच बोलून गेली. "अहो, ते रडतंय आणि तुम्ही नुसते बघताय काय? कुणी रडत असलं की जवळ जायचं, पाठीवर थोपटायचं, गप गप म्हणायचं. एवढंही कळू नये?"

"बरं. आता लक्षात ठेवतो."

हे शब्द ऐकले आणि ती भानावर आली. पण तोवर ते डोक्यात शिरले होते.

चौथ्या दिवशी अशोकवन. सीता झाडाखाली बसून रडते. हिरॉइन दोन तास तयारी करून, डोळ्यांत थेंब टाकून, मनापासून हुंदके द्यायला लागली. झुंबर गेला, शेजारी बसला आणि तिच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "गप गप. कोण बोललं आमच्या बाळाला? हात् रे. ती बघ चिमणी. चिमणीला हाणू या हं."

हिरॉइननं चिमणीकडं बघितलं. मग झुंबरकडं बघितलं. आणि खो खो हसत सुटली. हसता हसता आडवी झाली.

"बंदिवासात हसणारी सीता," साहेब म्हणाले. "आजवर कुणी दाखवली? कुणीच नाही. हेच तर मला हवं होतं."

वैजयंता मात्र हसली नाही. "अहो, परक्या बाईच्या पाठीवर हात? असं नसतं करायचं. आधी विचारायचं, हात लावू का. समोरचं नाही म्हणालं की गुमान मागं फिरायचं." बोलल्यावर तिनं हे वाक्य मनातल्या मनात दोनदा तपासलं. यात काहीच चूक नव्हती. हे तर गावातल्या सगळ्या पोरांना पाठ करायला लावलं पाहिजे. या वेळी तिला शांत झोप लागली.

पाचव्या दिवशी सीताहरण होतं. हिरोच्या मोबाइलला गावात रेंज नव्हती, म्हणून तो तीन दिवस शहरात निघून गेला होता. लांबून घ्यायचंय, चेहरा दिसत नाही, तर मुखवटा झुंबरलाच घाला, असं ठरलं. झुंबर रावण झाला. झोपडीपाशी गेला. सीता भिक्षा घेऊन बाहेर आली.

"उचलू का?" रावणानं विचारलं.

"नाही, नाही," सीता ठरल्याप्रमाणं किंचाळली.

"बरं," रावण म्हणाला आणि मागं फिरून चालू लागला. टेकडीपलीकडं गेला आणि दिसेनासा झाला.

सगळे टेकडीकडं बघत राहिले. मग साहेबांनी डोळे पुसले. "विचारणारा रावण," ते म्हणाले. "हेच तर मला हवं होतं."

त्यांचा मदतनीस घाबरत म्हणाला, "पण सर, हरण झालंच नाही, तर युद्ध कशाला होईल?"

"युद्ध आतलं आहे," साहेब म्हणाले.

आतलं असल्यामुळे ते चित्रित करावं लागलं नाही. तीन हजार वानर परत पाठवले.

आता शेवटचा दिवस. मुखवटा घेऊन घरी यायचं, बास. वैजयंतानं मुद्दाम काही शिकवलं नाही. पण साहेबांनी झुंबरला बोलावलं. "झुंबर, माणसाला तोंड किती?"

"एक."

"मग दहा कशाला? अहंकार गळून पडला पाहिजे. मधलं ठेव. बाकीची नऊ काप."

झुंबरच्या डोक्यात वैजयंताची शिकवण अजून होती. हात लावायच्या आधी विचारायचं. त्यानं करवत काढली आणि पहिल्या डोक्याला विचारलं, "कापू का?" डोकं काही बोललं नाही. नाही म्हणालं असतं, तर तो गुमान मागं फिरला असता. त्यानं नऊही डोक्यांना वेगवेगळं विचारलं. एकानंही नाही म्हटलं नाही.

उरलेल्या एका डोक्याचं चित्रण झालं आणि संध्याकाळी झुंबर मुखवटा हातात, पोतं खांद्यावर घेऊन घरी आला. वैजयंतानं पोत्यात बघितलं. नऊ डोकी तिच्याकडं डोळे वटारून बघत होती. ती रडली नाही. रडली असती तर झुंबर थोपटायला आला असता, आणि ते तिला त्या घडीला सोसलं नसतं.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "आता फक्त एक करा. ही होती तशी जोडा. ज्याची जागा त्याला. गावात कुणाला कळायच्या आत. आणि अशी जोडा, की सांधा दिसता कामा नये."

हे झुंबरला बरोब्बर कळलं, कारण हे लाकडाबद्दल होतं. तो पंधरा दिवस मागच्या पडवीत बसला. आतून सागाच्या खुंट्या केल्या, खाचा पाडल्या, वरून भेगांत लांबीचा लगदा भरला, रंग दिला. वैजयंतानं कंदील जवळ नेऊन पाहिलं. कुठं कापलं होतं, तिला शोधून सापडेना. तेव्हा कुठं तिला नवऱ्याकडं नीट बघावंसं वाटलं.

युद्ध नव्हतं, त्यामुळे सिनेमा लवकर तयार झाला. अखाजीच्या तीन दिवस आधी तालुक्याच्या थेटरात लागला. हिवरदरीपासून तालुक्याला सरळ रस्ता, चार किलोमीटर, मध्ये कुठं वळण नाही. रस्ता संपतो तिथंच थेटर. अख्खं गाव दुपारच्या खेळाला गेलं. पोरांनी आदल्या दिवसापासूनच घाबरायची तयारी केली होती.

पडद्यावर अंधार होता. अंधारात छत्री होती. छत्रीखाली कुणीतरी बिनमिशीचा मुळूमुळू रडत होता. एक बाई झाडाखाली हसत होती. मग दहा डोक्यांचा रावण आला, तशी पोरं आयांच्या कुशीत शिरली. त्यानं काहीतरी विचारलं, बाई नाही म्हणाली, तो निघून गेला. पोरं कुशीतून बाहेर आली. पुढच्या वेळी तो आला, तेव्हा त्याला एकच डोकं होतं. ते समुद्राकडं बघत होतं. चाळीस मिनिटं बघितल्यावर दिवे लागले.

"संपला?" एका म्हातारीनं विचारलं.

"संपला."

"मग झालं काय?"

"काहीच नाही झालं, आजी."

"तेच म्हणते मी," म्हातारी म्हणाली. "मग माझा डोळा लागला तेव्हा काही राहिलं नाही ना?"

परतताना आप्पा झुंबरशेजारी चालत होते. "झुंबर," ते म्हणाले, "आपला रावण असला मिळमिळीत निघाला, तर बघ. मुखवटा दहा डोक्यांचा परत आलाय हे मी पाहिलं. पण नाचलाही तसाच पाहिजे. नाहीतर कारभारी तयार बसलाय."

मागून कारभारी बारीक आवाजात गर्जला.

अखाजीचा दिवस उजाडला. आज काही सांगायचं नाही, असं वैजयंतानं चिऊच्या डोक्यावर हात ठेवून ठरवलं होतं. पण सिनेमातला रावण झुंबरच्या डोक्यात शिरला होता. मुखवटा बांधताना तो म्हणाला, "वैजू, सीतेला विचारायचंच ना? उचलू का म्हणून?"

तिच्या हातातली नाडी सुटली. "नाही हो," ती घाबरून म्हणाली. "आज कुणाला काही विचारायचं नाही. सीतेला उचलायचं आणि सरळ निघायचं. कुणी काहीही म्हणालं तरी मागं वळायचं नाही."

"बरं. आता लक्षात ठेवतो."

ते आत शिरलं आणि सीतेला उचलल्यानंतरचं, लहानपणापासून बघितलेलं सगळं बाहेर पडलं.

संबळ वाजला. रावण देवळामागून असा गर्जत आला, की कारभारी लोहार दोन पावलं मागं सरला. सीता झाला होता डेअरीवाला सुकदेव. रावणानं त्याला पोत्यासारखा खांद्यावर टाकला. पोरं किंचाळली. आप्पांनी मान डोलावली. वैजयंतानं श्वास सोडला.

रावण पारापाशी आला. लंका तिथं होती. रावण लंकेवरून पुढं गेला.

"अरे, लंका गेली मागं," सुकदेव खांद्यावरून म्हणाला. रावण वळला नाही. मारुतीचं देऊळ गेलं. शाळा गेली. वेस गेली. "झुंबर, मला उतरव," सुकदेव म्हणाला. "सकाळपासून उपाशी आहे मी." रावण सरळ रस्त्याला लागला.

मागून राम निघाला. राम म्हणजे किराणावाला मोतीराम, वजनानं भारी. त्याच्यामागं लक्ष्मण, त्याच्यामागं शेपट्या हातात धरून वानरं, त्याच्यामागं गाव. कारभारीनं आपणहून टेम्पो काढला आणि प्रेमानं म्हणाला, "चला आप्पा. चला वहिनी, बसा. आज मान जाताना डोळ्यांनी बघू." वैजयंता चिऊला घट्ट धरून बसली. चिऊ वाटेतल्या प्रत्येक झाडाला टाटा करत होती.

रस्ता संपला तिथं थेटर होतं. झुंबर सरळ आत गेला.

आत अकरा माणसं होती. त्यातली सात कूलरसाठी आली होती. सिनेमानंतर प्रेक्षकांशी बोलायला आलेले ओजससाहेब पहिल्या रांगेत, एकटेच. पडद्यावर रावण समुद्राकडं बघत होता. इतक्यात दार उघडलं आणि दहा डोक्यांचा रावण सीतेला खांद्यावर घेऊन आरोळी ठोकत मधल्या वाटेनं आला. अकराच्या अकरा जण खुर्चीवर चढले. रावण पडद्याखालच्या कट्ट्यावर चढला. पुढं भिंत होती, त्यामुळे थांबला.

राम धापा टाकत आला. बाण मारला. रावण उभाच. दुसरा मारला. रावण उभाच. "पड की लेका," राम कुजबुजला, "माझ्याकडं एकच उरलाय." रावणाला पडायचं कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलेलं एवढंच होतं, की मागं वळायचं नाही.

वैजयंता दारात पोचली. तिनं बघितलं, आणि सगळा निर्धार विसरून ओरडली, "अहो, पडा."

झुंबर पडला. पाठीमागं, होता तसा, दहा डोकी आणि सुकदेवसकट. पडदा वरपासून खालपर्यंत टर्रकन फाटला आणि समुद्राकडं बघणारा रावण दोन्हीकडं लोंबायला लागला.

मग खुर्चीवर चढलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. दारात लोटलेलं गाव टाळ्या वाजवायला लागलं. पोरं अजून किंचाळत होती. ओजससाहेबांनी हनुवटी धरली. "हेच," ते म्हणाले, "हेच तर मला हवं होतं."

"मग आधीच सांगायचं होतं," आप्पा म्हणाले. "आमच्याकडं दरवर्षी असतं."

आप्पा कट्ट्यावर चढले. फाटक्या पडद्यातून रावणाला बाहेर ओढलं आणि बोटानं डोकी मोजली. एक, दोन, तीन. वैजयंता त्यांच्याबरोबर ओठ हलवत होती. दहा. दहाच्या दहा. आप्पा सगळ्या गावाकडं वळले. "रावणाचा मान झुंबरच्या घरी," ते म्हणाले. "आजपासून पुढं, चिऊच्या पोराबाळांपर्यंत. माझा शब्द आहे."

कारभारीनं टेम्पोची किल्ली खिशात टाकली. वैजयंताच्या डोळ्यांसमोर थेटर जरा धूसर झालं.

आप्पांनी मुखवट्यावरून हात फिरवला. "एवढा आपटला, पण एक डोकं निखळलं नाही. पणजोबाचं काम पक्कं हो."

झुंबरला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला कुणीही न सांगता काहीतरी बोलता येईल.

"पणजोबाचं नाही, आप्पा," तो म्हणाला. "नऊ मी बसवलीत. कापली पण मीच. पण आधी विचारलं होतं."

"काहीतरीच," आप्पा हसले. "कुठं सांधा आहे? मला तर दिसत नाही. दाखव बरं."

"अहो," वैजयंता म्हणाली. पण पुढचं वाक्य तिला सुचलं नाही. एवढ्या शिकवणी दिल्या आणि गप्प राहा ही एकच द्यायची राहून गेली होती.

झुंबरनं मुखवटा उतरवला, रामाच्या हातातलं धनुष्य घेतलं आणि त्याच्या टोकानं आतल्या खुंटीवर हलकेच टकटक केलं. पहिलं डोकं अलगद सुटलं. ते त्यानं आप्पांच्या हातात दिलं. दुसरं लक्ष्मणाला दिलं. तिसरं सुकदेवला, चौथं साहेबांना, पाचवं कारभारीला. असं करत करत नववं चिऊच्या पुढ्यात ठेवलं. चिऊनं त्याला टाटा केला.

"पाहिलं?" झुंबर म्हणाला. "एकाचाही टवका उडाला नाही."

सगळे आप्पांकडं बघत होते. आप्पा शब्द मागं घेत नाहीत, आणि त्यांचे शब्द आता दोन झाले होते, एक कारभारीसाठी आणि एक झुंबरसाठी. त्यांनी हातातलं डोकं खाली ठेवलं, पुढं झाले आणि उरलेलं दहावं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.